परसातलं अमेरिकन पर्सिमन: पथ्याची सुरुवात रोपापासून

अमेरिकेच्या पूर्व भागात, कनेक्टिकटपासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला कॅन्सस-टेक्ससपर्यंत रानोमाळ आपोआप वाढणारं अमेरिकन पर्सिमन आता अनेक घरांच्या परसात लावलं जातं. तिथल्या मराठी घरांतही या झाडाबद्दल उत्सुकता आहे. हे झाड आपल्याला अगदीच परकं नाही. विदर्भात विडीसाठी जिची पानं तोडतात ती टेंभुर्णी, हिमाचलातून मुंबई-पुण्याच्या बाजारात येणारं जापानी फळ आणि हे अमेरिकन पर्सिमन ही तिन्ही एकाच वंशातली. टेंभरं खाल्लेल्यांना कच्च्या फळाचा तुरटपणा सांगावा लागत नाही. या फळाविषयी डॉक्टरांना बहुतेक वेळा विचारतात ते ‘खावं का, किती खावं, मधुमेहात चालेल का’ एवढंच. प्रश्न रास्त आहेत, पण उशिरा विचारलेले आहेत. या फळापासून होणारा लाभ आणि अपाय बऱ्याच अंशी रोप निवडताना आणि त्याची जागा ठरवतानाच ठरून जातो, असं माझं मत आहे. म्हणून हे झाड लावण्याच्या बेतात असाल, तर खड्डा खणण्याआधी पुढचं वाचा.

मूळ मुद्दा टॅनिनचा. कच्च्या पर्सिमनच्या गरात पाण्यात विरघळणारं टॅनिन भरपूर असतं. लाळेतल्या प्रथिनांशी त्याची गाठ पडली की तोंड आवळून येतं. कॅप्टन जॉन स्मिथ याने चारशे वर्षांपूर्वी व्हर्जिनियात या फळाचं वर्णन करताना हीच तक्रार नोंदवून ठेवली आहे. पण तोंडाचा त्रास घटकाभराचा असतो, खरी काळजी जठराची. तिथल्या आम्लात हे टॅनिन गोठून चिकट होतं, फळाची साल आणि तंतू त्यात गुंतत जातात आणि हळूहळू घट्ट गोळा तयार होतो. वैद्यकात त्याला बेझोअर म्हणतात. पर्सिमनपासून झालेला गोळा इतर भाज्या-फळांच्या गोळ्यांपेक्षा कठीण असतो. जठरात तो व्रण करू शकतो आणि पुढे सरकून लहान आतड्यात अडकला तर आतडं बंद पाडतो. हे काही क्वचित ऐकू येणारं कुतूहल नाही. न्यू ऑर्लिन्सचे शल्यविशारद मायकेल डिबेकी आणि आल्टन ऑक्सनर यांनी 1930च्या दशकाअखेरीस अशा गोळ्यांच्या तीनशेहून अधिक रुग्णांचा आढावा घेतला. त्यात वनस्पतिजन्य गोळ्यांपैकी बहुसंख्य पर्सिमनचे होते. पुढच्या काळात जपान, कोरिया, इस्रायल, तुर्कस्तान अशा जिथे जिथे जापानी पर्सिमन आवडीने खातात, त्या देशांतून असेच रुग्ण नोंदले गेले. अमेरिकेत तर खाली पडलेली पर्सिमन खाऊन घोड्यांच्या जठरातही असे गोळे झाल्याचं पशुवैद्यांनी लिहून ठेवलं आहे.

यावर कोणी म्हणेल की पिढ्यान् पिढ्या लोक हे फळ खात आले, इंडियानातल्या मिचेल गावी 1947पासून पर्सिमनचा उत्सव भरतो, पर्सिमन पुडिंग हा तिथला लाडका पदार्थ आहे, मग एवढी भीती कशाला? हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. पूर्ण पिकलेलं फळ निरोगी माणसाने बेताने खाल्लं तर गोळा होण्याची शक्यता फार कमी. नोंदलेले रुग्ण पाहिले तर त्यांच्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात: जठराची आधी झालेली शस्त्रक्रिया, दीर्घ मधुमेहामुळे जठराची मंदावलेली हालचाल, दात नसल्याने किंवा कवळी नीट न बसल्याने अर्धवट चावलेला घास, आणि एकाच बैठकीत, विशेषतः रिकाम्या पोटी, पुष्कळ फळं खाणं. वजन घटवण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि सेमाग्लुटाइडसारखी, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी स्वतःला याच गटात धरावं. शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि जठर मंदावल्याचं निदान झालेल्यांना माझा सल्ला स्पष्ट आहे: हे फळ खाऊच नका. बाकीच्यांनी ते अर्धं कच्चं असताना खाऊ नये. आणि फळ झाडावर पूर्ण पिकेल की नाही, हे तुम्ही कोणता वाण लावता त्यावर अवलंबून आहे.

इथे एक जुनी समजूत आड येते. थंडीचा कडाका पडल्याशिवाय, दहिवर गोठल्याशिवाय पर्सिमन गोड होत नाही, असं अमेरिकेत सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. फळ पिकतं ते त्याच्या वाणाच्या वेळेप्रमाणे. पिकताना गरात तयार होणारं असिटाल्डिहाइड विरघळणाऱ्या टॅनिनला न विरघळणाऱ्या रूपात बांधून टाकतं, म्हणून जिभेला तुरटपणा जाणवत नाही. त्याला हिमाची गरज नसते. उलट कडक हिम लवकर पडलं तर कच्ची फळं झाडावरच गोठतात आणि त्यांची पिकण्याची क्रिया अर्धवट राहते. उत्तरेकडच्या राज्यांत उशिरा पिकणारं झाड लावलं, तर दर वर्षी हंगामाच्या शेवटी अशी अर्धी कच्ची फळं पदरात पडतात आणि ‘आता हिम पडलं, आता चालेल’ म्हणून ती खाल्ली जातात. म्हणून इलिनॉय, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क अशा ठिकाणी राहत असाल तर लवकर पिकणाऱ्या वाणाचं कलमच घ्या. अर्ली गोल्डन हा इलिनॉयमधल्या आल्टन इथे मिळालेला जुना वाण, प्रॉक आणि न्यू हॅम्पशायरचे एल्विन मीडर यांच्या नावाने ओळखला जाणारा मीडर हे त्यातले चांगले आहेत. त्यांची बरीचशी फळं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हिमाच्या आधी मऊ होऊन गळतात.

बियांपासून वाढवलेलं रोप स्वस्त मिळतं, कधी फुकटही. पण त्याला फळ धरायला सहा ते दहा वर्षं लागू शकतात आणि इतकं थांबूनही ते नर निघण्याची शक्यता निम्मी. अमेरिकन पर्सिमनमध्ये नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी असतात. कलमाला तीन ते पाच वर्षांत फळ येतं आणि ते कोणत्या महिन्यात पिकेल हे आधीच ठाऊक असतं. मीडरसारखी काही मादी झाडं आसपास नर झाड नसतानाही फळ धरतात, आणि ती फळं बहुतेक बिनबियांची असतात. घरात लहान मूल किंवा कवळी लावणारी आजी-आजोबा असतील, तर याचं मोल मोठं आहे. पर्सिमनची बी चपटी, गुळगुळीत आणि दगडासारखी कठीण असते. मऊ गराबरोबर ती नकळत घशात सरकते आणि दाताखाली आली तर दात टवकतो. कुत्र्याच्या आतड्यातही या बिया अडकतात. लागवड वसंताच्या सुरुवातीला, झाड सुप्तावस्थेत असताना करावी. त्याचं काळं सोटमूळ खोल जातं आणि तुटलेलं सहन करत नाही, म्हणून लहान रोप किंवा खोल कुंडीतलं कलम घ्यावं आणि दिवसातून सहा ते आठ तास ऊन मिळेल अशी जागा द्यावी. मुळांवरून फुटवे येत राहतात, ते कापावे लागतात.

मग जापानी पर्सिमनचा फुयूसारखा, कडक असतानाही तुरट न लागणारा वाण का लावू नये? कॅलिफोर्नियात, जॉर्जियात किंवा टेक्ससच्या उबदार भागात राहणाऱ्यांनी जरूर लावावा. टॅनिनच्या बाजूने तो अधिक सोपा आहे, जरी जोखमीच्या गटातल्यांनी तोही टाळलेला बरा. पण जापानी झाड साधारण उणे 18 अंश सेल्सियसखाली टिकत नाही. अमेरिकन झाड उणे 25 ते 30 अंशही सोसतं, आणि मेअखेर-जूनमध्ये फुलत असल्याने वसंतातल्या अवेळी गारठ्यातून त्याचा बहर वाचतो. शिकागोच्या परसात फुयूचा आग्रह धरून उपयोग नाही. अमेरिकन झाडाची आणखी एक बाजू मला डॉक्टर म्हणून महत्त्वाची वाटते. पूर्व अमेरिकेत सफरचंद किंवा पीचचं चांगलं फळ हाती यायला हंगामभर फवारण्या कराव्या लागतात. हे झाड तिथल्याच मातीतलं असल्याने घरच्या बागेत बहुतेक वेळा एकही फवारणी न करता फळतं. मुलं जिथे खेळतात त्या अंगणात कीटकनाशक लागत नाही, हा लाभ फळातल्या कोणत्याही जीवनसत्त्वाइतकाच मोठा आहे.

आता जागेविषयी, कारण इथेच सगळ्यात जास्त निष्काळजीपणा होतो. झाड 12 ते 18 मीटरपर्यंत वाढतं. साठी उलटलेल्या माणसाने फळांसाठी शिडीवर चढणं हा टॅनिनपेक्षा मोठा धोका आहे. खुब्याचं हाड मोडलं की पुढचं वर्ष त्यातच जातं. सुदैवाने चढायची गरजच नाही. पिकलेलं फळ आपोआप गळतं, किंवा फांदी हलकेच हलवल्यावर पडतं. खाली स्वच्छ चादर अंथरावी आणि रोज सकाळी वेचावं. चादरीला आणखीही कारणं आहेत. 1978 साली अमेरिकेत घरगुती रंगांत शिशावर बंदी आली, त्यापूर्वीच्या घरांभोवतीच्या मातीत शिशाचे कण असू शकतात, आणि चिकट फळाला माती सहज लागते. जुनं घर असेल तर माती तपासून घ्यावी आणि झाड भिंतीपासून दूर लावावं. गळलेल्या फळांवर हरणं, रॅकून, अपोसम येतात. त्यांच्या विष्ठेतून जंतू फळावर येतात, म्हणून साल फाटलेलं किंवा रात्रभर मातीत पडलेलं फळ कच्चं खाऊ नये, बाकीची वाहत्या पाण्याखाली धुवावीत. हरणांबरोबर गोचिडीही येतात. लाइम आजार पसरवणारी प्रौढ गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही सक्रिय असते, म्हणजे नेमकी पर्सिमन वेचण्याच्या दिवसांत. न्यू जर्सी, कनेक्टिकट, पेनसिल्व्हेनिया या भागांत झाडाखालचं गवत बारीक ठेवा, पायमोजे घाला आणि घरात आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांत तपासून पाहा. आंबू लागलेल्या फळांवर गांधीलमाश्या झुंडीने येतात. घरात कुणाला त्यांच्या दंशाची तीव्र ॲलर्जी असेल तर झाड दारापासून, ओट्यापासून आणि मुलांच्या झोपाळ्यापासून लांबच हवं. ही सगळी काळजी ऐकून झाडच नको वाटेल, पण यातली बहुतेक दक्षता जागा ठरवताना एकदाच घ्यायची असते. एकदा रुजलेलं झाड हलवता येत नाही, म्हणून मी इतका रेंगाळलो.

खाण्याविषयी थोडक्यात. अमेरिकन पर्सिमन आकाराने लहान, पण गोडीने फार दाट. 100 ग्रॅममध्ये सुमारे 127 कॅलरी आणि 33 ग्रॅम कर्बोदकं असतात. जापानी पर्सिमनमध्ये त्याच वजनाला सुमारे 70 कॅलरी आणि 19 ग्रॅम. क जीवनसत्त्व मात्र अमेरिकन फळात 66 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे जापानी फळाच्या कितीतरी पट. एक फळ साधारण 25 ग्रॅमचं धरलं तर त्यात आठेक ग्रॅम कर्बोदकं येतात. मधुमेह आटोक्यात असेल, जठराची तक्रार नसेल, तर जेवणानंतर एक-दोन पूर्ण पिकलेली फळं चालतील, त्या जेवणातली पोळी किंवा भात तेवढा कमी करून. ‘साखर नैसर्गिक आहे’ ही सबब रक्तातल्या साखरेला कळत नाही. निरोगी प्रौढाने एका वेळी तीन-चारवर थांबावं, साल काढावी आणि रिकाम्या पोटी खाऊ नये. पिकलेलं फळ कसं ओळखायचं? रंगावर जाऊ नका, कच्चं फळही केशरी दिसतं. साल सुरकुतलेली, हाताला फळ पार लिबलिबीत, देठ सहज सुटणारं, अशी खूण. तरीही पहिला घास जिभेवर ठेवून पाहा आणि किंचितही तुरट लागला तर थुंकून टाका. मोठ्या प्रमाणावर गर काढायचा असेल तर आपलं पुरणयंत्र उत्तम, बिया वर राहतात. मात्र एक अर्धं कच्चं फळ सगळा गर बिघडवतं, आणि शिजवल्याने तो तुरटपणा जाईलच असं नाही, उलट वाढूही शकतो. अशा गराचा शिरा किंवा केक करू नका, टाकून द्या.

फळं खाल्ल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत वरच्या पोटात दुखणं, दोन घासांत पोट भरणं, उलट्या, काळी शौचाला होणं असं काही जाणवलं तर पित्ताची गोळी घेऊन वाट पाहू नका. पोट फुगून वारा सरकत नसेल तर थेट तातडीच्या विभागात जा. पर्सिमन खाल्लं होतं, केव्हा आणि किती, हे डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण हा प्रश्न विचारला जाईलच असं नाही आणि त्या एका माहितीने निदान लवकर होतं. कोका-कोला प्यायल्याने असे गोळे विरघळतात हेही तुमच्या वाचनात येईल. त्यात तथ्य आहे, रुग्णालयांत हा उपाय वापरतात. पण पर्सिमनच्या गोळ्यावर एकट्या कोलाचा परिणाम इतर गोळ्यांपेक्षा कमी होतो, बहुधा एंडोस्कोपीने गोळा फोडावाही लागतो, आणि अर्धवट विरघळलेला तुकडा पुढे सरकून आतड्यात अडकल्याची उदाहरणं आहेत. हा प्रयोग घरी करू नका.