नेमणूक आणि वास्तव्य

नागरिकशास्त्र शिकविताना नेमणुकीपूर्वीचे वास्तव्य व नेमणुकीनंतरचे वास्तव्य यांतील भेद विद्यार्थ्यांस स्पष्ट करून द्यावा. अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगराने १६ वर्षे सेवा केलेल्या एका अग्निशामकास, त्याने न्यू जर्सी राज्यात बिऱ्हाड हलविले म्हणून, सेवेतून दूर केले. सेवाकाळात नगरातच राहण्याची ही अट तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली वैध ठरविली.

भारतात संविधानाच्या अनुच्छेद १६ अन्वये केवळ वास्तव्याच्या कारणावरून नागरिकास शासकीय नोकरी नाकारता येत नाही. पूर्ववास्तव्याची अट कायद्याने घालण्याचा अधिकार संसदेसच आहे.

पहिली अट संधी अडविते. दुसरी सेवकास लोकांजवळ ठेविते, परंतु कुटुंबास जाचकही होते. मुख्यालयी राहणाऱ्या शिक्षकास हा प्रश्न परका नाही. दोन्ही बाजू विद्यार्थ्यांकडून वदवून घ्याव्यात.