म्हातारपणाचे औषधपाणी : योजना आहेत, कागद तयार हवेत

एका आजारी भिक्खूकडे कोणी पाहत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला आंघोळ घातली. विनयपिटकातील ही गोष्ट आपण विहारात ऐकतो. आजाऱ्याची सेवा हा धम्माचाच भाग आहे. पण सेवेला पैसाही लागतो. उमरठ आणि पोलादपूर भागातल्या आपल्या वस्त्यांत अनेक घरांतील कमावती मुले मुंबईला आणि आईवडील गावी, अशी स्थिती आहे. अशा घरांना सरकारी योजनांतून काय मिळते आणि काय मिळत नाही, ते नीट समजून घेऊ.

रोजच्या गोळ्या

बीपी, साखर, दमा यांच्या गोळ्या विकत घेण्याआधी सरकारी दवाखान्यात जावे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार सर्वांना मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय यांत येतात. जाण्यायेण्यासाठी एसटीत 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना तिकीट नाही, 65 ते 75 वयाला अर्धे तिकीट. आधार कार्ड जवळ ठेवावे.

दाखल व्हावे लागले तर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सर्व रंगांच्या रेशनकार्डांवर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. शिवाय 70 वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. घरातील सत्तरीपुढच्या सर्वांना मिळून वर्षाला 5 लाखांचे संरक्षण मिळते. आधीपासून असलेला आजारही चालतो.

लक्षात ठेवा : ही कार्डे दाखल झाल्यावर आणि योजनेतील रुग्णालयातच चालतात. नुसते तपासून घरी आलो तर त्याचे बिल त्यात बसत नाही. रुग्णालयात शिरताच आरोग्यमित्राचे टेबल शोधा आणि पैसे भरण्याआधी कार्ड दाखवा. चौकशीसाठी फुले योजना 155388, आयुष्मान 14555. रुग्णवाहिकेसाठी 108, मोफत.

महिन्याचा आधार

65 वर्षे पूर्ण झालेल्या निराधारांना श्रावणबाळ योजनेतून दरमहा 1,500 रुपये मिळतात. 65 च्या आतील निराधार विधवांसाठी संजय गांधी निराधार योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात.

चष्मा, काठी, कानाचे यंत्र, कमरेचा पट्टा यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील व्यक्तीला एकदाच 3,000 रुपये आहेत. कौटुंबिक उत्पन्न 2 लाखांच्या आत हवे. सध्या अर्ज घेत आहेत का, हे समाज कल्याण कार्यालयात विचारावे.

गाडी कुठे अडते

पहिली अडचण वयाची. पूर्वी आधार काढताना अंदाजे साल लिहिले गेले. आजी पंच्याहत्तरीच्या, पण आधारवर 66, तर वय वंदना कार्ड निघत नाही. आधारसाठी चालणारा जन्मतारखेचा पुरावा असेल तर आधारवर दुरुस्ती करावी. जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते, म्हणून काळजीपूर्वक करावी.

दुसरी मोबाईलची. आधारला मुलाचा नंबर, ओटीपी जातो मुंबईला, आणि आजी इथे केंद्रावर बसून राहतात. निघण्याआधी मुलाला फोन करून ठेवावा. शेतात राबून बोटे झिजलेली असतील तर ठसा उमटत नाही. तेव्हा डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवा, असे सांगावे.

तिसरी बँकेची. निराधारचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. खाते बंद पडले आहे का, ते पाहावे.

चौथी अडचण मात्र आपल्या घरातली नाही. श्रावणबाळसाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1,750. मजुरीचे थोडे दिवस धरले तरी माणूस त्यात बसत नाही. ही मर्यादा वाढवा, अशी मागणी ग्रामसभेत ठराव करून पाठवायला हवी.

आपण काय करू

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारातच तासभर बसा. वस्तीतील साठीपुढच्या प्रत्येकाचे आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि मोबाईल नंबर एका वहीत लिहा. कोणाचे काय अडले आहे ते समोर येईल. शिकलेल्या दोन मुलामुलींनी जबाबदारी घ्यावी, आशाताईंना बोलवावे, मुंबई मंडळाला कळवावे. आजार आल्यावर कागद गोळा करायला वेळ मिळत नाही.

काही ज्येष्ठ म्हणतात, "कशाला हात पसरायचा?" हे हात पसरणे नव्हे. याच महाडला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी हक्क म्हणून प्यायले. आयुष्यभर राबलेल्या माणसाचे औषधही हक्काचेच आहे.

जय भीम!