गावच्या घरातून पुण्याची नोकरी

प्रश्न : पुण्यातील सॉफ्टवेअर कंपनीचे काम दापोलीजवळच्या गावातून कायमचे करणे कितपत परवडते?

उत्तर : भाड्याची बचत लगेच दिसते, कराचा परिणाम उशिरा. घरभाडे भत्त्यावरील सूट फक्त जुन्या करप्रणालीत आणि भाडे खरोखर भरले तरच मिळते. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचा सगळा भत्ता करपात्र ठरतो.

खरी किंमत बढतीत मोजावी लागते. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ९ महिने प्रयोग केला. आठवड्यातून ४ दिवस घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. पण तेवढ्याच कामगिरीला बढती मात्र कमी मिळाली. याच कंपनीतील २०२४ च्या अभ्यासात आठवड्याला फक्त २ दिवस घरी असणाऱ्यांच्या बढतीवर परिणाम दिसला नाही. नोकरीत नवख्या माणसाने तर आणखी एक गोष्ट विसरूच नये. शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी जे सहज शिकवतात, ते व्हिडिओ कॉलवर क्वचितच मिळते.

कोकणात विजेचाही विचार हवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. इन्व्हर्टर आणि दोन कंपन्यांचे इंटरनेट घेतले, तरी वीज फार काळ गेल्यास मोबाइल टॉवरही बंद पडतो. पावसाळ्यात वरंधा घाट बंद असला की कार्यालय गाठायला लांबचा वळसा पडतो.

गावी जाण्यापूर्वी कामाचे ठिकाण कंपनीकडून लेखी बदलून घ्यावे. तोंडी परवानगी व्यवस्थापक बदलताच संपू शकते.