आडधनुष्याची जुळणी आणि नेम

धनुष्य आडवे करून ते एका दस्त्यावर बसविले आणि ताणलेली दोरी बोटांनी धरण्याऐवजी एखाद्या खटक्यात अडकवून ठेवली, की आडधनुष्य म्हणजेच क्रॉसबो तयार होतो. हा फरक वरवर पाहता लहान वाटतो. पण त्याचे परिणाम फार दूरवरचे आहेत. साध्या धनुष्यात दोरी ओढणे, ती ओढलेली ठेवणे आणि नेम धरणे ही तिन्ही कामे एकाच वेळी, एकाच जोडीच्या हातांनी करावी लागतात. आडधनुष्यात ती वेगळी होतात. दोरी आधी ओढून ठेवता येते आणि नेम नंतर सावकाश धरता येतो. त्यामुळे तिरंदाजाला वर्षानुवर्षे कमवावा लागणारा दंड येथे लागत नाही. मात्र दंडाच्या तालमीतून जी अचूकता येत असे, ती येथे यंत्राच्या जुळणीतून आणावी लागते. नवे आडधनुष्य पेटीतून काढून थेट शिकारीला निघणारा मनुष्य याच ठिकाणी फसतो.

हे शस्त्र जुने आहे. चीनमध्ये शिआनजवळ १९७४ साली मातीच्या सैनिकांची जी प्रसिद्ध सेना सापडली, तिच्यासोबत आडधनुष्यांचे कांशाचे ओतीव चापही मिळाले. दोन हजार वर्षांत त्यांवरचे लाकूड कुजून गेले, चाप मात्र राहिले. युरोपात या शस्त्राची धास्ती एवढी होती की ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध त्याचा वापर निषिद्ध ठरविला. ती आज्ञा फारशी कोणी पाळली नाही. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ मध्ये फ्रान्समधील शालू येथील गढीला वेढा घालून बसला असता आडधनुष्याचाच बाण लागून जखमी झाला आणि ती जखम चिघळून मरण पावला.

त्या काळच्या पोलादी आडधनुष्यांचे बळ अचाट होते. सर राल्फ पेन-गॉलवे या इंग्रज अभ्यासकाने पंधराव्या शतकातील एक जड आडधनुष्य दुरुस्त करून वेल्सच्या किनाऱ्यावरील मेनाय सामुद्रधुनीच्या पलीकडे, चारशे मीटरांहून दूर, बाण फेकून दाखविला होता. आपला ग्रंथ त्याने १९०३ मध्ये प्रसिद्ध केला. त्या धनुष्याची दोरी ओढण्यास बाराशे पौंड, म्हणजे जवळजवळ साडेपाचशे किलो बळ लागे आणि त्यासाठी रहाटासारखे यंत्र वापरावे लागे. आजच्या शिकारी आडधनुष्याला दीडशे ते दोनशे पौंड पुरतात, तरी त्याचा बाण जुन्या बाणापेक्षा वेगाने जातो. याचे एक कारण असे की जुन्या धनुष्याची दोरी जेमतेम वीतभर सरकत असे, नव्याची दीड वीत सरकते. बळ जितके अधिक अंतर बाणामागे लागून राहील तितकी अधिक ऊर्जा बाणाला मिळते. शिवाय जड पोलादी बाहू हलविण्यातच पूर्वी पुष्कळ ऊर्जा खर्ची पडे. तिसरे कारण कप्प्यांचे. अमेरिकेतील हॉलेस विल्बर ॲलन याला १९६९ मध्ये धनुष्याच्या टोकांना विकेंद्री चाके बसविण्याच्या कल्पनेचे पेटंट मिळाले. पुढे ही चाके आडधनुष्यालाही लावली गेली.

आपल्या देशालाही हे शस्त्र अपरिचित नाही. नागा टेकड्यांत आणि निकोबार बेटांवर लाकडी आडधनुष्ये परंपरेने वापरात होती. परंतु वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतात वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे आणि त्या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचाही स्पष्ट समावेश आहे. म्हणून पुढील विवेचन आहे ते उत्तर अमेरिकेचे. तेथील अनेक राज्यांत व प्रांतांत ठरलेल्या हंगामात परवाना घेऊन पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार आडधनुष्याने करू दिली जाते. शिकार मान्य असो वा नसो, जेथे ती होते तेथे प्राणी क्षणात मरतो की लंगडत जाऊन झाडीत दोन दिवसांनी मरतो, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर बव्हंशी हंगामापूर्वीच, सरावाच्या मैदानावर, ठरलेले असते.

नवे आडधनुष्य बहुधा दोन भागांत येते: बाहू, चाके व दोरी यांची एक जुळणी आणि दस्ता, चाप व पन्हळ यांचा दुसरा भाग. पन्हळ म्हणजे ज्या खोबणीतून बाण सरकतो ती मार्गिका. हे दोन भाग एका जाड मळसूत्राने जोडतात. ते मळसूत्र सैल राहिले तर प्रत्येक बाणागणिक धनुष्य केसभर हलते आणि मग नेम कितीही वेळा बसविला तरी तो टिकत नाही. पहिले दहा-वीस बाण मारून झाल्यावर सर्व मळसूत्रे पुन्हा तपासावीत, कारण नवी दोरी व नवे सांधे एवढ्या अवधीत थोडे बसतात. दोरीला मेण लावावे; मधल्या, धाग्याने गुंडाळलेल्या भागासाठी मात्र निर्माता जे वंगण सांगेल तेच वापरावे.

यानंतर जे करावयाचे ते अगदी साधे आहे, आणि बहुतेक नवशिके नेमके तेच टाळतात. दोरी ओढलेली नसताना ती पन्हळीच्या दोन्ही कडांना जेथे स्पर्श करते, तेथे दोरीवर शाईने एकेक खूण करावी. दोरी ओढून खटक्यात अडकविल्यावर या दोन खुणा खटक्यापासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर आल्या पाहिजेत. एक खूण जवळ आणि दुसरी दूर असेल तर एक बाहू अधिक वाकला आहे, दुसरा कमी. सुटताना दोघे बाणाला सारखे ढकलीत नाहीत आणि बाण एका अंगाला जातो. दोरीतील एखाद्या मिलिमीटरची तफावत वीस यार्डांवर काही इंचांची होऊन बसते. मनुष्याचे दोन्ही हात सारख्या बळाचे नसतात. म्हणून नुसत्या हातांनी दोरी ओढणाऱ्याचा बाण आज डावीकडे तर उद्या उजवीकडे पडतो आणि तो दोष मात्र दुर्बिणीला देतो.

यावर उपाय म्हणजे दोरखंडाचे साधन. दस्त्याच्या मागच्या खाचेतून एक दोर घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंवर कप्पी असलेले आकडे असतात. ते आकडे धनुष्याच्या दोरीत अडकवून, पुढच्या रिकिबीत पाय रोवून, दोराच्या मुठी वर ओढावयाच्या. शालेय पुस्तकातील चल कप्पीचाच हा प्रयोग होय: दोर दुप्पट ओढावा लागतो, पण बळ निम्मे लागते. पावणेदोनशे पौंडांचे धनुष्य मग साडेसत्त्याऐंशी पौंडांचे भासते. बळाच्या बचतीपेक्षाही दोर दोन्ही बाजू सारख्या ओढतो, हा त्याचा लाभ मला मोठा वाटतो.

आता बाण. तो साधारण वीस इंच लांब आणि टोकासह चारशे ग्रेन, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम वजनाचा असतो. निर्मात्याने सांगितलेल्या वजनाहून हलका बाण वेगाच्या लोभाने कधीही वापरू नये. बाणाच्या बुडाचे आकार निरनिराळे असतात; काही सपाट, काही अर्धचंद्राकृती. चुकीच्या आकाराचे बूड असल्यास दोरी बाणाच्या वरून किंवा खालून निसटू शकते. अशा वेळी, किंवा बाणच न ठेवता चाप ओढल्यास, जे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. सेकंदाला शंभर मीटर वेगाने निघालेला २६ ग्रॅमचा बाण सुमारे १३० ज्यूल ऊर्जा घेऊन जातो. १३ किलोचे ओझे एक मीटर उचलण्याइतकी ही ऊर्जा आहे. बाण नसेल तर ती न्यायला कोणीच नसते आणि ती बाहूंतच परत फिरते. बाहू चिरतात, चाके निखळतात, दोरी तुटून चाबकासारखी येते. म्हणूनच दुकानात हातात घेऊन सहज चाप ओढून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाची विक्रेते एवढी धास्ती घेतात.

दुसरा अपघात अंगठ्याचा. बंदूक धरण्याची सवय असलेल्याचा पुढचा हात नकळत वर सरकतो आणि अंगठा पन्हळीच्या कडेवर येतो, म्हणजे नेमका दोरीच्या वाटेवर. कित्येक धनुष्यांवर आता हातासाठी आडोसा असतो. तरीही चाप ओढण्यापूर्वी अंगठा कोठे आहे हे प्रत्येक वेळी पाहावे.

नेम बसविण्यासाठी धनुष्य वाळूच्या पिशव्यांवर टेकवावे, म्हणजे हाताच्या थरथरीचा दोष यंत्रावर येणार नाही. प्रारंभ दहा यार्डांवरून करावा. येथे बाण निदान लक्ष्याच्या फळीवर लागेल एवढीच खात्री करावयाची असते. त्यानंतर वीस यार्डांवर, म्हणजे सुमारे अठरा मीटरांवर जावे. तीन बाण एकाच बिंदूवर नेम धरून मारावेत आणि त्या तिघांच्या मध्याचे लक्ष्यापासून अंतर मोजावे. एकाच बाणावरून दुर्बीण फिरविणारा मनुष्य आपल्याच चुकीच्या मागे धावत राहतो. तीन बाण एकमेकांपासून फार विखुरले असतील तर दुर्बिणीला हातच लावू नये. दोष दोरीच्या खुणांत, सैल मळसूत्रात किंवा एखाद्या वाकड्या बाणात शोधावा. नेम चांगला बसत चालला की मात्र तीन बाणांसाठी तीन वेगळे ठिपके घ्यावेत, नाहीतर दुसरा बाण पहिल्याच्या बुडात शिरून दोन्ही निकामी होतात.

दुर्बिणीवरील चकत्या फिरविताना ‘टक्’ असा आवाज होतो. बहुतेक दुर्बिणींत अशी एक टक् शंभर यार्डांवर पाव इंचाची असते. वीस यार्ड हा त्याचा पाचवा हिस्सा. म्हणून तेथे एका टकेने बाण एक विसांश इंचच सरकतो. बाण दोन इंच खाली लागत असेल तर तब्बल चाळीस टका द्याव्या लागतील. हा हिशेब ठाऊक नसलेला मनुष्य चार-पाच टका देतो, फरक दिसत नाही, आणि दुर्बीण बिघडली असे मानतो. चकतीवरील बाणाची खूण बाण कोणत्या दिशेला सरकेल ते दर्शविते, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

वीस यार्डांवर नेम बसला म्हणजे तीसवरही बसला, असे नाही. शंभर मीटर वेगाचा बाण वीस यार्ड जाताना सुमारे १६ सेंटिमीटर खाली येतो. तीस यार्डांत ३७ आणि चाळीस यार्डांत ६६. अंतर दुप्पट झाले की पडणे चौपट होते, हा गॅलिलिओचाच नियम. दुर्बीण बाणाच्या सहा सेंटिमीटर वर आहे आणि नेम वीस यार्डांवर बसविला आहे असे धरले, तर त्याच फुलीने तीस यार्डांवर मारलेला बाण नऊ सेंटिमीटर आणि चाळीस यार्डांवर मारलेला सत्तावीस सेंटिमीटर खाली लागेल. हवेच्या विरोधामुळे प्रत्यक्षात किंचित अधिकच. यासाठी आडधनुष्याच्या दुर्बिणीत एकाखाली एक अशा अनेक रेषा असतात, वरची वीस यार्डांची, तिच्याखालची तीस यार्डांची, अशा क्रमाने. परंतु त्या एका ठराविक वेगासाठी आखलेल्या असतात. आपल्या बाणाचे वजन निराळे तर वेग निराळा. म्हणून प्रत्येक रेषा त्या त्या अंतरावर प्रत्यक्ष बाण मारूनच पडताळावी लागते. धनुष्य कलते धरल्यास बाण कललेल्या बाजूला जातो: पाच अंशांचा कल, जो डोळ्यांना सहसा जाणवत नाही, चाळीस यार्डांवर बाणाला सहा-एक सेंटिमीटर बाजूला नेतो.

येथवर सर्व साधले तर चाळीस, पन्नास यार्डांवरही बाण मुठीएवढ्या वर्तुळात लागू लागतात आणि मोह पडतो. लक्ष्याची फळी मात्र ऐकत नाही, हरीण ऐकते. हृदय व फुप्फुसांचा जो मर्मभाग वेधावयाचा, तो सुमारे आठ इंच, म्हणजे वीस सेंटिमीटर रुंद असतो. चाळीस यार्ड कापण्यास बाणाला सेकंदाचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक वेळ लागतो, तर दोरीचा आवाज एक दशांश सेकंदातच पोहोचतो. म्हणजे बाण येण्यापूर्वी हरणाला सुमारे पाव सेकंद मिळतो. दचकलेले हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून अंग खाली घेते. दचकण्यास लागणारा वेळ वजा केला तरी, जेथे मर्म होते तेथे आता पाठ असते. वीस यार्डांवर हाच अवधी त्याच्या निम्मा असतो आणि तेवढ्यात प्राणी फारसा हलू शकत नाही. नेमाच्या पल्ल्याला मर्यादा घालतो तो हरणाचा कान. आणि बिचकून कान टवकारलेल्या हरणावर तर त्याहूनही जवळून बाण सोडू नये, असे माझे मत आहे.

आणखी एक पडताळणी राहते. सराव गुळगुळीत टोकाने होतो, शिकार धारदार पात्यांच्या फाळाने. दोन्हींचे वजन सारखेच, बहुधा शंभर ग्रेन, निवडावे. वजन सारखे असूनही पाती हवेत लहान पंखांसारखी वागतात आणि पिसांशी झगडून बाण वळवितात. म्हणून शिकारीच्या फाळानेही निदान तीन बाण मारून पाहावेत; जेथे ते लागतील त्याप्रमाणे दुर्बीण फिरवावी, आणि मग त्या फाळांना नवी धार किंवा नवी पाती लावावीत, कारण लक्ष्याच्या फळीने त्यांची धार गेलेली असते.

दिवस मावळला आणि हरीण आलेच नाही, तर सज्ज केलेले धनुष्य तसेच घेऊन झाडावरून उतरू नये. आधी बाण काढून घ्यावा आणि धनुष्य दोराने खाली सोडावे. मग खाली उतरून सरावाचा एक जुना बाण पन्हळीत ठेवावा आणि जवळच्या मऊ मातीत किंवा सोबत आणलेल्या लहान लक्ष्यात तो सोडून द्यावा. खटका दाबून, दोरी हाताने धरून सैल करण्याचा प्रयत्न, ती सोय निर्मात्याने मुद्दाम केलेली नसेल तर, करू नये. पावणेदोनशे पौंडांची ओढ त्या क्षणी बोटांवर येते.