आईपासून लेकरू तोडणे : हिजरतीच्या एका प्रसंगाचा धडा

तुळिंजला आम्ही राहतो त्या इमारतीच्या तळमजल्यावर पश्चिम बंगालचे एक कुटुंब भाड्याने राहत असे. नवरा जरीकामाच्या कारखान्यात जाई, बायको घरी मणी ओवण्याचे काम करी. नऊ वर्षांची मुलगी आणि तिच्या पाठचा तीन वर्षांचा मुलगा. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एके पहाटे कागदपत्रांच्या तपासणीसाठी नवरा-बायको दोघांनाही नेण्यात आले. मुले झोपेत होती. दिवसभर ती आतून कडी लावून बसून राहिली.

इमारतीत बावीस बिऱ्हाडे, त्यांतली निम्म्याहून अधिक नमाजी. जोहरला आम्ही त्या दारावरून मशिदीत गेलो, असरलाही गेलो. आतून धाकट्याचे रडणे ऐकू येत होते. उगाच आपले नाव त्यांच्या नावाशी जोडले जाईल, ही भीती प्रत्येकाच्या मनात होती; माझ्याही होती. मगरिबनंतर तिसऱ्या मजल्यावरची एक वृद्ध विधवा, जिला धड जिनाही उतरवत नाही, वरण-भाताचे पातेले घेऊन खाली आली आणि तिने ते दार उघडवले. रात्री दहाच्या सुमारास आई-बाप परतले. त्यांचे कागद खरे निघाले होते.

वाचकहो, त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. परक्या मुलखात आलेल्या कुटुंबाचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार सत्तेला असेल; परंतु त्या अधिकारात आईपासून लेकरू वेगळे करण्याचा अधिकार येतो काय? आणि तसे घडत असताना शेजाऱ्यावर कोणते कर्तव्य येते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला वारंवार हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडे परतावे लागले.

त्या पुढे उम्मुल मोमिनीन झाल्या, हे आपण सर्व जाणतो. परंतु त्याआधी त्या दोन वेळा देशांतर केलेल्या स्त्री होत्या. पहिले स्थलांतर हबशाचे. तेथील राजा नज्जाशी याच्याकडे मक्केच्या कुरैशांनी भेटवस्तू देऊन दूत पाठवले आणि आमची माणसे आमच्या स्वाधीन करा, अशी मागणी केली. दरबारी मंडळी देऊन टाकायला तयार होती. राजा मात्र म्हणाला की, ज्यांनी माझ्या आश्रयाला येणे पसंत केले त्यांचे म्हणणे ऐकल्यावाचून मी त्यांना सोपवणार नाही. त्याने हजरत जाफर (रजि.) यांचे निवेदन ऐकले आणि मगच निर्णय दिला. हा वृत्तांत आपल्यापर्यंत पोहोचला तो उम्मे सलमा (रजि.) यांच्याच तोंडून.

दुसरे स्थलांतर मदीनेचे. इब्ने इसहाक यांच्या सीरत-ग्रंथात त्याची हकिकत आली आहे. पती अबू सलमा (रजि.) यांनी उंटावर खोगीर चढवले, पत्नीला बसवले, तिच्या मांडीवर छोट्या सलमाला दिले आणि लगाम धरून ते चालू लागले. इतक्यात पत्नीच्या माहेरची, बनू मुगीरा कुळाची माणसे आडवी आली. तू तुझा जीव घेऊन कोठेही जा, पण आमची लेक देशोदेशी फिरवू देणार नाही, असे म्हणून त्यांनी लगाम हिसकावला. हे कळताच सासरचे, बनू अब्दुल असद कुळाचे लोक संतापले. तुम्ही आमच्या माणसाकडून बायको काढून घेतली, तर मग आमच्या कुळाचा मुलगा आम्ही तुमच्याकडे ठेवणार नाही! दोन्हीकडून त्या लेकराला ओढले गेले. इतके, की त्याचा हात निखळला. मूल सासरच्यांनी नेले, आईला माहेरच्यांनी अडकवले, आणि बाप एकटा मदीनेला गेला.

या प्रसंगात एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. दोन्ही कुळे आपापल्या रूढीप्रमाणे 'कायदेशीर' होती. लेक माहेरची, मुलगा बापाच्या कुळाचा. तत्कालीन अरबी रिवाजात दोघांचाही दावा उभा राहत होता. मुलाचे हित मात्र दोघांपैकी एकाच्याही मनात नव्हते. ते मूल समोरच्याला शिक्षा देण्याचे साधन झाले होते.

उम्मे सलमा (रजि.) रोज सकाळी अबतह या ठिकाणी जाऊन बसत आणि संध्याकाळपर्यंत रडत. असे सुमारे एक वर्ष चालले. मक्केतील किती माणसे तेथून ये-जा करीत असतील, याचा विचार मी करतो तेव्हा मला आमच्या तळमजल्यावरचे ते दार आठवते. शेवटी एक चुलतभाऊ तेथून गेला. तो बनू मुगीरा याच कुळाचा होता. त्याच्या हाती सत्ता नव्हती. त्याने एवढेच केले की, घरी जाऊन आपल्या माणसांना विचारले: या गरीब बाईला नवऱ्यापासून तोडलेत, मुलापासून तोडलेत, आता तरी तिला सोडणार की नाही? त्यांनी सोडले. मग सासरच्यांनीही मूल परत दिले. मुलाला मांडीवर घेऊन ती एकटीच मदीनेच्या वाटेला लागली, तेव्हा तनईमजवळ उस्मान बिन तल्हा भेटले. ते अद्याप मुसलमान झाले नव्हते. सोबत कोणी नाही हे कळताच त्यांनी उंटाचा लगाम हाती घेतला आणि वाटभर अदबीने अंतर राखून मायलेकरांना कुबापर्यंत पोहोचवले, आणि पती याच वस्तीत आहे असे सांगून ते आल्या पावली मक्केला परतले. त्यांच्याइतका सज्जन सोबती मी पाहिला नाही, अशी साक्ष उम्मे सलमा (रजि.) यांनी दिली आहे.

आता शरीयतचा हुकूम पाहू. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) एका मोहिमेत असताना युद्धकैद्यांमध्ये माता आणि मुले वेगवेगळी करण्यात आली होती आणि रडारड चालली होती. त्यांनी मुलांचे हात धरून त्यांना आपापल्या आईकडे नेऊन सोडण्यास सुरुवात केली. कारण विचारले गेले तेव्हा त्यांनी सांगितले की, आई आणि लेकरू यांना जो तोडतो त्याला कयामतच्या दिवशी स्वतःच्या जिवलगांचा वियोग सोसावा लागेल, असा इशारा आपण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडून ऐकला आहे. ही हदीस तिरमिजीतही आहे. हजरत अली (रजि.) यांच्याकडे दोन भाऊ असलेली गुलाम मुले होती, त्यांपैकी एकाला विकल्याचे समजताच प्रेषितांनी (स.) त्याला परत आणण्यास फर्मावले. एवढेच काय, प्रवासात सहाबांनी एका चिमणीएवढ्या पाखराची दोन पिल्ले उचलली आणि ती पक्षीण वर घिरट्या घालू लागली, तेव्हाही प्रेषितांनी (स.) पिल्ले तिला परत करायला लावली, असे अबू दाऊदमध्ये आले आहे.

या आधारावर चारही इमामांच्या फिकहने कैदी आणि गुलाम यांच्या बाबतीतही लहान मुलाला आईपासून तोडणे निषिद्ध ठरवले. मतभेद आहे तो वयाचा. आपल्या कोकणी घरांत पाळल्या जाणाऱ्या शाफई मतानुसार मूल समजत्या वयाचे, म्हणजे सात-आठ वर्षांचे होईपर्यंत. मालिकी मतानुसार दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत. तर उत्तरेकडून आलेल्या आपल्या बहुसंख्य बांधवांच्या हनफी मतानुसार वयात येईपर्यंत, आणि त्यात आईच नव्हे तर इतर जवळचे रक्ताचे नातेवाईकही येतात. गुलामगिरीची प्रथा आज नाही, हे अल्लाहचे उपकार. परंतु त्या काळातील गुलाम आणि युद्धकैदी म्हणजे ज्याला सर्वांत कमी हक्क होते असा माणूस. त्याच्याही लेकराला हे संरक्षण असेल, तर पोटासाठी आलेल्या मजुराच्या लेकराला ते नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

येथे काही वाचक विचारतील की, मग देशाच्या सीमेला, कायद्याला अर्थच उरला नाही काय? उरतो. हुदैबियाच्या तहात मक्केहून पळून येणाऱ्याला परत पाठवण्याचे कलम होते आणि शाई वाळण्याआधीच हजरत अबू जंदल (रजि.) बेड्या ओढत येऊन पोहोचले. सहाबांची मने विदीर्ण झाली, तरी प्रेषितांनी (स.) शब्द पाळला. करार पाळणे हा ईमानाचा भाग आहे, आणि ज्या देशात आपण राहतो त्याचा कायदा हाही एक करारच आहे. म्हणून खोटे आधार कार्ड बनवून देणारा, पैसे घेऊन माणसे सीमेपलीकडून आणणारा दलाल हा आपला हितचिंतक नव्हे. तो मुसलमान असला तरी नव्हे. परंतु आई-बापाचा अपराध सिद्ध झाला तरी कुरआनचा नियम कायम राहतो: एकाचे ओझे दुसऱ्याच्या माथी जात नाही (सूरह अनआम, 164). आणि सूरह बकराच्या 233 व्या आयतीने तर मुलाच्या निमित्ताने आईला किंवा बापाला छळण्याची वाटच बंद केली आहे. मूल हे शिक्षेचे हत्यार होऊ शकत नाही.

तरीही ते होते. 7 मे 2018 रोजी अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी जाहीर केले की, दक्षिण सीमा बेकायदा ओलांडणाऱ्या प्रत्येकावर खटला भरला जाईल आणि सोबत मूल असेल तर ते वेगळे केले जाईल. पुढच्यांनी धडा घ्यावा, हा हेतू लपवलेला नव्हता. देशभर संताप उसळल्यावर 20 जूनला राष्ट्राध्यक्षांना माघारीचा आदेश काढावा लागला, आणि 26 जूनला सॅन दिएगोच्या न्यायाधीशांनी पाच वर्षांखालील मुले 14 दिवसांत व बाकीची 30 दिवसांत आई-बापांकडे परत करण्यास सांगितले. तेव्हा उघड झाले की, कोणते मूल कोणाचे, याची जोडनोंदच नीट ठेवलेली नव्हती. हरवलेल्या सामानाचीही पावती ठेवणाऱ्या यंत्रणेने लेकरांची ठेवली नाही! 2017 ते 2021 या काळात अशा प्रकारे तोडलेल्या मुलांची संख्या पाच हजारांहून अधिक भरली.

आपल्याकडे पाहू. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामला 26 निरपराध माणसांची हत्या झाली. ते कृत्य करणाऱ्यांसाठी आपल्या मनात धिक्काराखेरीज काही नाही. त्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले आणि अटारीच्या फाटकावर असे दृश्य दिसले की, पाकिस्तानात लग्न होऊन गेलेली, माहेरपणाला आलेली आई भारतीय पासपोर्टची म्हणून अलीकडे अडली आणि तिच्या मुलांचे पासपोर्ट पाकिस्तानी म्हणून त्यांना पलीकडे जाणे भाग होते. जूनमध्ये मिरा रोडला काम करणाऱ्या, मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला बांगलादेशी समजून ताब्यात घेऊन सीमेपलीकडे ढकलण्यात आले. तो भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर त्याला परत आणावे लागले. त्याच महिन्यात बीरभूमची एक गर्भवती स्त्री दिल्लीत पकडली गेली आणि पती व आठ वर्षांच्या मुलासह पलीकडे पाठवली गेली. 26 सप्टेंबरला कोलकाता उच्च न्यायालयाने ही घाई चुकीची ठरवून त्यांना परत आणण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 5 डिसेंबरला मालदाच्या सीमेवरून ती मुलाला घेऊन परतली. पती पलीकडेच राहिला होता.

नज्जाशीने दूतांना थांबवून आधी चौकशी केली, ते यासाठीच. चौकशीआधी उचललेले पाऊल नंतर मागे घेता येते, परंतु मधले महिने मागे घेता येत नाहीत.

आता आपल्या गल्लीकडे येऊ, कारण सरकारवर टीका करून मोकळे होणे सोपे आहे. भाडे वाढवून न देणाऱ्या बिऱ्हाडाला 'हे बांगलादेशी आहेत' अशी धमकी देणारे घरमालक आपल्यातही आहेत. नळाच्या भांडणाचा सूड म्हणून कोणाची तरी खबर देणारेही असतात. ऐकीव बातमीची शहानिशा न करता अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा करू नका, ही सूरह हुजुरातची ताकीद आपल्याच कानांसाठी आहे. आणि सूरह बकरात हारूत-मारूतच्या प्रसंगी, लोक जी घातक विद्या शिकत तिचे उदाहरण म्हणून कुरआनने काय निवडले? पती-पत्नीत फूट पाडणे.

ज्यांचे कागद खरे आहेत त्यांनी ते नीट ठेवावेत. मुलांच्या जन्मदाखल्याची एक प्रत विश्वासू शेजाऱ्याकडे असू द्यावी. मूल पालकाविना मागे राहिले तर 1098 या क्रमांकावर कळवता येते, आणि 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार अशा मुलाला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यायचे असते. स्त्रिया आणि मुले यांना, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. यातील एकही गोष्ट त्या दिवशी आमच्या इमारतीत कोणाला ठाऊक नव्हती. मलाही नव्हती, आणि मी दर जुम्याला चार लोकांपुढे बोलणारा माणूस.

ते कुटुंब बकरी ईदनंतर गावी निघून गेले. मुलीची शाळा अर्ध्यावर सुटली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या वृद्ध बाईंकडे आता एक वही आहे. ज्या घरांत लहान मुले आहेत आणि आई-बाप दोघेही कामाला जातात, अशा घरांतील मुलांची नावे आणि गावाकडच्या नातेवाइकांचे फोन नंबर त्यात आहेत. बाईंना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून त्या नातवाला शेजारी बसवून लिहून घेतात. मागच्या आठवड्यात त्यांनी आमचेही दार वाजवले आणि माझ्या भावाचा नंबर मागून घेतला.