पुडीतले विरजण

विरजण म्हणजे कालच्या दह्याचा चमचाभर अंश. पण त्या चमच्यात जीव असतो बरं का! डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जिवाणू त्यात असतात. एका मिलिमीटरात हजारभर ओळीने बसतील, इतके लहान. ते दुधातली साखर खातात, आंबटपणा सोडतात, आणि दुधाचे दही होते.

दही ठेवून ठेवले तर फार आंबते. मग जिवाणू आपल्याच आंबटपणाने मरू लागतात. त्यांना महिनोन् महिने टिकवायचे कसे?

आपण बी कसं टिकवतो? वाळवून. ओल्या बियाण्याला बुरशी लागते. कोरडे बी कणगीत स्वस्थ पडून राहते. पाणी मिळाले की उगवते. जिवाणूंचेही तसेच. अंगातले पाणी गेले की ते खात नाहीत, वाढत नाहीत. झोपतात म्हणा ना!

मात्र त्यांना उन्हात वाळवले तर बहुतेक मरतील. म्हणून कारखान्यात उलटी युक्ती करतात. जिवाणू साय काढलेल्या दुधात किंवा साखरेच्या पाण्यात मिसळतात. हे त्यांचे पांघरूण. मग उणे ४० अंशांच्या आसपास गोठवतात. नंतर बंद पेटीतली हवा पंपाने ओढून घेतात. हवा गेली की बर्फाचे पाणी होत नाही, थेट वाफच होते. मागे हलकी कोरडी पूड उरते. एवढे करूनही काही जिवाणू दगावतातच.

मोठ्या डेअऱ्यांत असेच पुडीतले विरजण वापरतात. पोट बिघडल्यावर डॉक्टरही कधी जिवाणूंची पुडी देतात. ती चुलीजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. फोडलेली पुडी पावसाळ्यात ठेवून देऊ नका. ओल आणि ऊब लागली की जिवाणू लवकर मरतात. पूड दिसते तशीच, पण आत जीव नसतो. मुदतीचा महिना आणि साल पुडीवर असते, ते वाचा. कढत पाण्यात तर ती कालवूच नका. कढत दुधात विरजण घातले तर दही लागत नाही, हे घरच्या बायांना काय सांगायचे?

लेकराला जुलाब होत असतील तर पहिली पुडी जलसंजीवनीची. अंगातले गेलेले पाणी आणि मीठ तीच भरून काढते. जिवाणूंची पुडी तिच्याऐवजी चालत नाही. दोन्ही पुड्या दिसायला सारख्या वाटू शकतात, म्हणून नाव वाचूनच फोडा. जलसंजीवनी किती पाण्यात घालायची, तेही तिच्यावर लिहिलेले असते.