दाखवणे आणि शिकवणे



मध्यंतरी रविवारच्या मिस्सानंतर दौंडकडील एका प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बाई मला भेटल्या. पंचवीस वर्षे त्यांनी खडू-फळ्यावर मुले घडवली. त्या म्हणाल्या, "फादर, वर्गात मोठा टीव्ही आला. पुस्तकावरचा क्यू आर कोड मला काही उघडता येईना. शेवटी चौथीतल्या एका पोराने माझ्या हातातून फोन घेतला आणि उघडून दिला. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून त्या टीव्हीवर मी कापड टाकून ठेवलंय."

त्या कापडाखाली टीव्ही झाकलेला नव्हता, बाईंचा संकोच झाकलेला होता. आपल्या धर्मग्रामात शिक्षक पुष्कळ आहेत आणि शाळेत जाणारी मुले तर घरोघरी आहेत. म्हणून आज या विषयावर थोडा विचार करू.

पुस्तकांवर हे कोड आले कुठून? सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ मध्ये रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यू आर कोड जोडले. कोड फोनने टिपला की कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे. २०१७ मध्ये राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पुस्तकांसाठी ही कल्पना स्वीकारली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

आपल्या शिरूर तालुक्याचेही उदाहरण आहे. शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा दत्तात्रय वारे गुरुजींच्या काळात राज्यभर गाजली. मुलांच्या हातात टॅब होते हे खरे, पण त्यामागे गावकऱ्यांचा पैसा आणि घाम होता. पुढे वारे गुरुजी खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या शाळेत गेले आणि २०२५ मध्ये त्या शाळेलाही लोकपसंतीचा जागतिक पुरस्कार मिळाला. शाळा बदलली, इमारत बदलली, साधने बदलली. बदलले नाही ते एकच : गुरुजी आणि गाव मिळून मुलाकडे पाहण्याची रीत.

इथे मला संत ऑगस्टीन यांची आठवण होते. इ. स. ३८९ च्या सुमारास त्यांनी 'शिक्षकाविषयी' हा संवाद लिहिला. बोलणारे दोघे म्हणजे ते स्वतः आणि त्यांचा मुलगा अदेओदातुस. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : शब्द म्हणजे खुणा. खूण बोट दाखवते, पण पाहावे लागते ज्याचे त्यालाच. ऐकलेले खरे की खोटे, हे विद्यार्थी आपल्या अंतर्यामी पडताळतो तेव्हाच तो शिकतो. सोळाशे वर्षांनंतर क्यू आर कोड हीसुद्धा एक खूणच आहे. टीव्ही दाखवतो. दाखवलेले मुलाच्या मनात उतरले की नाही, हे टीव्हीला कळत नाही. ते बाईंनाच कळते.

मग वर्गात काय करावे? काही साध्या गोष्टी सांगतो.

पहिली : जे दाखवायचे ते आदल्या दिवशी घरी स्वतः पाहावे आणि फोनमध्ये उतरवून घ्यावे. ऐन तासाला रेंज जाते, वीजही जाते.

दुसरी : थोडेच दाखवावे आणि मध्येच थांबवावे. "आता पुढे काय होईल?" असे विचारावे. प्रश्नाशिवाय चित्रफीत म्हणजे नुसती करमणूक.

तिसरी : दूरच्या गोष्टीला जवळची जोड द्यावी. नदीचा पाठ असेल तर उपग्रहाच्या नकाशावर आपली घोडनदी शोधावी. ती भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात जाते आणि पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. मुलांनी बोटाने हा प्रवास करावा आणि मग वहीत स्वतः नकाशा काढावा.

चौथी : खात्रीच्या जागा ओळखून ठेवाव्यात. बालभारतीची पुस्तके आणि मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य आहेत. पुण्याच्या आयुकामधील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करावीत हे तिथे दाखवले आहे, तेही फुकट. मोबाईलवर फिरत आलेला मजकूर मात्र कोणी लिहिला, कधी लिहिला, हे विचारल्याशिवाय वर्गात नेऊ नये.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची : ज्याच्या घरी फोन नाही त्याला विसरू नये. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा गुऱ्हाळावर, वीटभट्टीवर काम करणाऱ्यांच्या मुलांचे काय झाले ते आपण पाहिले. एका घरात एक फोन आणि तोही बापाबरोबर कामावर. म्हणून फोनवर पाहूनच करता येईल असा गृहपाठ देऊ नये. वर्गातला पडदा सर्वांचा असतो, हातातला फोन सर्वांचा नसतो.

त्या बाईंना मी एवढेच म्हटले, "ज्या पोराने कोड उघडून दिला, त्यालाच उद्या सर्वांसमोर विचारा, 'बाळा, मला शिकवशील का?'" पंधरा दिवसांनी त्या पुन्हा भेटल्या. म्हणाल्या, "फादर, कापड काढलं. पोरगं मला रोज मधल्या सुट्टीत शिकवतं. आणि गंमत म्हणजे, वाचायला कंटाळणारं ते पोरगं आता मला समजावून सांगता यावं म्हणून धडा आधी वाचून येतं."

शिक्षकाने 'मला येत नाही' म्हटल्याने त्याचा मान जात नाही. शिकायचे कसे, हे मुलांना त्याच क्षणी दिसते.

घरी विचार करण्यासाठी :
१. आपल्या मुलाने या आठवड्यात पडद्यावर काय पाहिले, आणि त्याविषयी आपण त्याला एक तरी प्रश्न विचारला का?
२. शेजारच्या एखाद्या मुलाला आपला फोन अभ्यासासाठी, आपल्या नजरेसमोर, अर्धा तास देता येईल का?
३. आपण शेवटचे कधी लहानाकडून काही शिकलो?

आपला,
फादर